वादात हरलात तरी चालेल

एका ताईंचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असं सगळं वगळून, त्यांच्या परवानगीने ते थोडक्यात देते.

त्यांचा मोठा भाऊ ४४ वर्षांचा. तीन वर्षांपूर्वी अपघात झाला, मणक्याची दोन ऑपरेशनं झाली, तरी कमरेतून डाव्या पायात उतरणारी कळ थांबली नाही. नोकरी सुटली. गेल्या वर्षी आई कर्करोगाने गेली. आईने आधीच लिहून ठेवलं होतं, की शेवटी व्हेंटिलेटर नको, नळ्या नकोत. नातेवाइकांची बोलणी खाऊन या दोघा भावंडांनी तिची इच्छा पाळली. आता भाऊ म्हणतो, ‘आईला दिलास तो हक्क मला का नाही?’ तो न्यायालयांचे निकाल दाखवतो, नेदरलँड्सचा कायदा सांगतो, विनोबांच्या प्रायोपवेशनाचा, म्हणजे अन्नपाणी सोडून मरण स्वीकारण्याचा, दाखला देतो. आवाज कधी चढवत नाही. यातलं काहीही वहिनीच्या आणि बाबांच्या कानावर जाणार नाही, असं वचन त्याने घेतलं आहे. ताई लिहितात, ‘मी आधीपासून इच्छामरणाच्या बाजूची. त्याच्या एकाही मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही. मग त्याला अडवणं हा दुटप्पीपणा नाही का? थेट विचारलं तर त्याचा विचार उलट पक्का होईल, ही भीतीही आहे. त्याच्यावर आम्ही ओझं आहोत की तो आमच्यावर, हेच तो सारखं बोलत असतो. परवा त्याने त्याचा कॅमेरा माझ्या मुलाला देऊन टाकला, पोरगा खूश आहे. मी काय करू?’

प्रिय ताई,

तुमच्या पत्रात जवळजवळ सगळा वादच आहे. दादा काय म्हणाला, तुम्ही काय उत्तर दिलंत, ते कसं तोकडं पडलं. आणि अगदी शेवटी, जाता जाता, कॅमेऱ्याची एक ओळ. मी त्या ओळीशी थांबले. ज्या वस्तूला वर्षानुवर्षं कुणाला हात लावू दिला नाही, ती माणूस अचानक देऊन टाकतो, कागदपत्रं कुठे ठेवली आहेत ते न विचारता सांगतो, निरवानिरव केल्यासारखा वागतो, तेव्हा ती नुसती चर्चा राहिलेली नसते. म्हणून सदराची वाट न बघता त्याच रात्री तुम्हाला कळवलं, की आज त्याच्याकडे जा, आडपडदा न ठेवता विचारा, त्याला एकटं सोडू नका आणि १४४१६ हा हेल्पलाइनचा नंबर जवळ ठेवा. तुम्ही गेलात. दुसऱ्या पत्रात लिहिलंत, की विचारताना तोंडाला कोरड पडली होती. ‘दादा, आत्महत्येचे विचार येतात का तुझ्या मनात?’ आणि त्याने खिडकीकडे बघत एकच शब्द उच्चारला, ‘रोज.’

त्याला हे याआधी कुणीच विचारलं नव्हतं, असंही तुम्ही लिहिलंय. तीन वर्षांत एकदाही नाही.

थेट विचारल्याने विचार पक्का होतो, ही भीती जवळजवळ प्रत्येक पत्रात असते, म्हणून तिचं आधी सांगून टाकते. या विषयावर जो अभ्यास झाला आहे तो उलट सांगतो. विचारल्याने ते विचार वाढत नाहीत, आणि बऱ्याच जणांना विचारल्यावर थोडं हलकं वाटतं. जो विचार माणूस रोज एकटा वागवतो, तो आपण त्याच्या डोक्यात घालू शकत नाही. फक्त विचारताना ‘असलं काही वेडंवाकडं मनात नाही ना रे?’ असं विचारू नका. त्याचं ‘नाही’ हे उत्तर आपणच त्याच्या तोंडी घातलेलं असतं.

आता तुमचा मूळ प्रश्न. तो मी टाळणार नाही, कारण तो खरा आहे आणि तुम्हाला तो आतून कुरतडतोय.

आईच्या बाबतीत तुम्ही दोघांनी जे केलंत ते योग्य केलंत. पण काय केलंत ते नीट आठवा. आईने मरण मागितलं नव्हतं. मरण दारात येऊन उभं होतं, आणि ते यंत्रांनी लांबवू नका एवढंच तिचं म्हणणं होतं. तुम्हीच लिहिलंय, की शेवटच्या आठवड्यातसुद्धा ती नातवाच्या परीक्षेची चौकशी करत होती. तिला जगायचं होतं, जेवढं तिच्या शरीरात होतं तेवढं. तिने जे ठरवलं ते घरात सगळ्यांसमोर, डॉक्टरांशी बोलून, सही करून ठरवलं. दादाचं बोलणं बंद खोलीत होतं, वचन घेऊन होतं, आणि त्याचं शरीर मरणाच्या वाटेवर नाही. ते दुखतंय. भयंकर दुखतंय, यात मला तिळमात्र शंका नाही. पण ‘मरताना छळू नका’ आणि ‘दुखणं थांबत नाही म्हणून मरू द्या’ या दोन मागण्यांना एकच उत्तर देता येत नाही. तेव्हा दुटप्पीपणा हा शब्द तुम्ही स्वतःपुरता तरी काढून टाका.

त्याने दाखवलेले निकाल खरे आहेत, पण ती गोष्ट पुढेही चालते. आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारं कलम ३०९ मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ मध्ये घटनाबाह्य ठरवलं, आणि १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनीही तेच म्हटलं. दादा इथे थांबतो. दोनच वर्षांनी, १९९६ मध्ये, ग्यान कौर खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो निकाल फिरवला. जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क येत नाही, असं सांगतानाच त्यांनी एक दार किलकिलं ठेवलं: मरणाची नैसर्गिक प्रक्रिया सुरू झालेली असेल तर ते मरण सन्मानाने यावं, हे मात्र जगण्याच्या हक्कात बसतं. त्याच दारातून पुढे २०११ चा अरुणा शानबाग निकाल आला, मग २०१८ चा कॉमन कॉज निकाल. त्यातून लिव्हिंग विलला, म्हणजे शेवटी कोणते उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवण्याला, मान्यता मिळाली आणि २०२३ मध्ये त्याची किचकट पद्धत सोपी झाली. तुमच्या आईचा कागद या वाटेने आलेला आहे. दादा त्या वाटेवर उभाच नाही.

तो म्हणेल, कायदा चुकीचा आहे. म्हणू दे. कायदे बदलतात, आणि या वादात दोन्ही बाजूंना विचार करणारी, सज्जन माणसं आहेत. मी स्वतः लिव्हिंग विल केलं आहे. असाध्य आजाराच्या शेवटी माणसाच्या शब्दाला आजच्यापेक्षा जास्त वजन असावं, असं माझंही मत आहे. पण ज्या देशांची नावं दादा घेतो त्यांच्याकडे जरा जवळून बघू या. नेदरलँड्सचा कायदा २००२ पासून लागू आहे. तिथे नुसतं ‘मला हवंय’ म्हणून भागत नाही. यातना असह्य आहेत, सुधारणेची आशा नाही आणि दुसरा कोणताही वाजवी उपाय उरलेला नाही, अशी डॉक्टरची खात्री पटावी लागते. मग दुसरा, स्वतंत्र डॉक्टर ते तपासतो. मनाच्या आजारापायी केलेली विनंती असेल तर आणखी सावधपणे बघतात, आणि अशा विनंत्यांपैकी फार थोड्या मान्य होतात. कॅनडाने तर केवळ मानसिक आजाराच्या कारणासाठी ही सोय खुली करणं पुन्हा पुन्हा पुढे ढकललं, आता ते मार्च २०२७ पर्यंत गेलं आहे. म्हणजे जे देश हा हक्क मानतात तेही आधी विचारतात, की उपाय झाले का सगळे? तुमच्या पत्रात आहे, की दुसऱ्या ऑपरेशननंतर दादा एकाही पेन क्लिनिकमध्ये गेलेला नाही. मानसोपचारतज्ज्ञाकडे तर नाहीच. ‘मी वेडा नाही’ म्हणाला. त्याने ज्या कायद्याचा आधार घेतला, त्या कायद्याच्या पहिल्या पायरीवरूनच त्याला परत पाठवलं असतं आणि सांगितलं असतं, आधी उपचार घेऊन या.

विनोबांचं म्हणाल, तर ते ८७ वर्षांचे होते, आजारी होते, आणि सगळा देश बघत होता. बहिणीकडून गुप्ततेचं वचन घेऊन त्यांनी काही केलं नव्हतं. त्या उदाहरणात दादाला सापडण्यासारखं काही नाही.

या वादातला एक आवाज मात्र दादापर्यंत पोचलेला दिसत नाही, आणि तो त्याच्यासारख्यांचाच आहे. अमेरिकेत १९९६ मध्ये अपंग हक्कांसाठी लढणाऱ्या कार्यकर्त्यांनी ‘नॉट डेड येट’ नावाची संघटना काढली. त्यांचं म्हणणं साधं आहे. धडधाकट माणूस मरायचं म्हणाला की सगळे त्याला वाचवायला धावतात, आणि व्हीलचेअरवरचा माणूस तेच म्हणाला की लोक समजुतीने मान हलवतात, म्हणतात त्याचा हक्कच आहे. हा फरक का? तुम्ही दादाच्या मुद्द्यांपुढे निरुत्तर होता ना, ताई, तेव्हा तो कदाचित हेच ऐकतो, की ‘माझ्या बहिणीलाही पटलंय, असं जगण्यात अर्थ नाही.’ तुम्ही तसं म्हटलेलं नाही. तरी त्याच्या कानाला ते तसं लागू शकतं. म्हणून आज ना उद्या त्याला स्पष्ट सांगा: ‘तुझे मुद्दे मला खोडता येत नाहीत. पण तू मला हवा आहेस.’ हा युक्तिवाद नाहीच. म्हणूनच त्याला तो खोडता येणार नाही.

आठ वर्षं मी एका हेल्पलाइनवर रात्रपाळी केली. ओळख लागणार नाही इतपत बदल करून एक फोन सांगते. रात्री दोनच्या सुमाराचा. माणूस शिकलेला, शब्द तोलून बोलणारा. चाळीस मिनिटं तो माझ्याशी स्वातंत्र्यावर बोलत होता. शरीर कुणाच्या मालकीचं, समाजाला माझ्या जगण्यावर काय अधिकार, कुणी मला विचारून जन्माला घातलं का. मी तेव्हा नवीन होते, सुरुवातीला उत्तरं देत बसले. माझं प्रत्येक उत्तर त्याने अलगद बाजूला ठेवलं. शेवटी माझ्याकडची उत्तरं संपली आणि मी गप्प झाले. पलीकडे पंख्याचा आवाज येत होता, एका फेरीला कट्ट करणारा. बराच वेळ तोच ऐकत होतो आम्ही दोघं. मग तो म्हणाला, ‘मॅडम, मला नऊ महिने झोप नाही हो.’

तिथून खरा फोन सुरू झाला. झोपेचं, बंद पडलेल्या धंद्याचं, धाकट्या भावाने अबोला धरल्याचं. स्वातंत्र्याचा विषय पुन्हा निघालाच नाही. त्या रात्री मी शिकले, की तत्त्वज्ञान खोटं नसतं, पण पुष्कळदा ते दाराला लावलेली कडी असतं. आत दुखतंय ते दाखवायची लाज वाटते, मुद्दा मांडायची वाटत नाही. पुरुषांच्या बाबतीत तर हे मी इतक्यांदा बघितलं, की कुणी फार तर्कशुद्ध बोलायला लागला की मी हळूच विचारायची, ‘झोप कशी आहे?’

दादाला विचारा. झोप कशी आहे, कळ किती वाजता वाढते, दिवसातला सगळ्यात वाईट तास कोणता. हे प्रश्न त्याच्या मुद्द्यांच्या पलीकडे जातात. आणि ‘ओझं’ हा शब्द तो सारखा वापरतो, त्याबद्दलही विचारा. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात असाध्य रुग्णांसाठी १९९७ पासून असा कायदा लागू आहे. तिथे लोक ही वाट का मागतात याच्या दरवर्षीच्या नोंदींत वेदना वरच्या क्रमांकावर नसते. आपलं आपल्याला काही करता येत नाही, आवडीचं काही उरलं नाही, ही कारणं वर असतात. मरणाला टेकलेल्या माणसांचं जर असं असेल, तर ४४ व्या वर्षी नोकरी गेलेल्या, कॅमेरा उचलायला कंबर साथ न देणाऱ्या माणसाचं काय होत असेल? आणि याच्यावर इलाज निघू शकतो. सगळ्यावर नाही, पण बऱ्याच गोष्टींवर.

तुम्ही विचारलंय, ‘त्याने ठरवलंच असेल तर मी अडवून काय होणार, आज नाही तर उद्या.’ हा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. आत्महत्येचा प्रयत्न करताना शेवटच्या क्षणी अडवलेल्या ५१५ लोकांचा पुढे काय प्रवास झाला, हे एका अमेरिकन संशोधकाने १९७८ मध्ये प्रसिद्ध केलं. त्यातल्या काही जणांच्या बाबतीत त्या घटनेला पंचवीस-तीस वर्षं उलटून गेली होती. दहातले नऊहून अधिक जण एकतर हयात होते किंवा नैसर्गिक कारणाने गेले होते. प्रयत्नातून वाचलेल्यांचे नंतरचे अभ्यासही साधारण हेच सांगतात. ती लाट असते, कितीही दिवस मनात घोळलेली असली तरी तिचा कडेलोटाचा भाग बहुधा काही मिनिटांचा, काही तासांचा असतो. तेवढा वेळ निघून जाणं याला मी ‘हक्क हिरावणं’ म्हणत नाही. जिवंत माणूस उद्या पुन्हा वाद घालू शकतो.

म्हणून घरात काय आहे याकडे लक्ष द्या. औषधांचा साठा दादाच्या हाताशी नको. आठवड्यापुरतं बाहेर, बाकी दुसऱ्याच्या ताब्यात. घातक ठरेल असं इतर काही असेल तर तेही घराबाहेर. चोरून करू नका, त्याला सांगून करा, ‘हे काही दिवस मी ठेवते.’ पुष्कळ जण कुरकुरतात, पण देतात. आपल्यातलाच एक भाग जगू बघतो आहे आणि त्याला कुणीतरी मदत करतंय, हे त्यांनाही कळतं.

मग वचनाचं. ते मोडा. पण त्याच्या पाठीमागे नको. ‘हे मी एकटी पेलू शकत नाही. कुणाला आधी सांगायचं ते तू ठरव, मी सोबत बसते. पण सांगायचंच.’ असं म्हटलं की निवड थोडी त्याच्याकडे राहते. त्याने काहीच ठरवलं नाही तर वहिनींना तुम्ही सांगा. आणि वहिनींना काही माहीत नाही असं कशावरून धरलंत? जी बाई रात्री त्याचं कण्हणं ऐकते, तिला पुस्तकी चर्चेची गरज नसते. मला तर वाटतं, त्या घरात दोघी जणी एकमेकींपासून एकच गोष्ट लपवत आहात. बाबांचं वय आणि हृदय बघता त्यांना कधी, किती सांगायचं ते पुढे ठरवा, तिथे घाई नको.

डॉक्टरांकडे नेताना ‘तुझं डोकं ठिकाणावर नाही’ हा सूर चुकूनही येऊ देऊ नका. कमरेपासून सुरुवात करा. पेन क्लिनिकमध्ये नसांच्या वेदनेवर काम करणारे डॉक्टर वेगळे असतात, ते पुन्हा ऑपरेशनच करतील असं नाही. जुनाट वेदना आणि नैराश्य एकमेकांना पोसतात. झोप गेली की वेदना वाढते, वेदना वाढली की झोप जाते. काही औषधं तर दोन्हींवर चालतात. म्हणून मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणं हा वेदनेच्याच उपचाराचा भाग आहे, हे त्याला डॉक्टरांच्याच तोंडून ऐकू दे. पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे दुखणं सुसह्य करणारी काळजी, हा शब्द आईच्या आजारपणात तुम्ही ऐकला असेल. ती फक्त शेवटच्या दिवसांसाठी असते हा गैरसमज आहे, बऱ्या न होणाऱ्या दुखण्यासोबत जगणाऱ्यालाही तिचा उपयोग होतो.

दादाला स्वतःच्या हक्कांची एवढी चाड आहे ना, तर त्याला २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा वाचायला द्या. मनापासून सांगते. त्या कायद्यात प्रत्येक प्रौढ माणसाला आधीच लिहून ठेवता येतं, की मानसिक आजारात मला कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, आणि माझ्या वतीने कोण बोलेल. आईच्या कागदाचं हे दुसरं भावंड आहे, फक्त जगण्यासाठीचं. त्याच कायद्याचं कलम ११५ सांगतं, की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं, त्याच्यावर खटला नाही, उलट त्याची काळजी घेणं, उपचार आणि पुनर्वसन करणं हे सरकारचं कर्तव्य. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या दंड संहितेतलं कलम ३०९ तर आलेलंच नाही. पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळणाऱ्या घरांनी हे लक्षात ठेवावं. आणि खरोखर जिवाला धोका आहे, माणूस ऐकत नाही, अशी वेळ आली तर त्याच्या संमतीशिवायही दाखल करता येतं, पण त्याला दोन तज्ज्ञांच्या तपासणीची अट आणि सुरुवातीला जास्तीत जास्त तीस दिवसांची मर्यादा आहे, आणि त्याविरुद्ध त्याला दाद मागता येते. तो शेवटचा उपाय. त्याने नातं काही काळ दुखावेल. तरी वेळ आली तर मागेपुढे पाहू नका.

आत्ता मात्र त्याच्यासोबत एक साधा कागद करा, त्याच्या हस्ताक्षरात. लाट येताना आधी काय जाणवतं. तेव्हा एकट्याने काय केलं की थोडं सावरतं. कुठे जाता येतं, कुणासोबत बसता येतं. कुणाला फोन करायचा, तीन नावं. मग डॉक्टर आणि हेल्पलाइन. घरातलं काय दूर ठेवायचं. याला सेफ्टी प्लॅन म्हणतात. दिसायला काहीच नाही, पण अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत असा कागद आणि त्यानंतर नियमित फोन, एवढं केल्यावर पुढच्या सहा महिन्यांत आत्मघाती वर्तन ४५ टक्के कमी दिसलं. तुमचं नाव पहिल्या तीनांत असेल तर त्या वेळी फोन उचलता येईल का याचा प्रामाणिक विचार करा. नसेल जमत तर चौथं नाव घाला. सगळं तुमच्या एकटीच्या खांद्यावर आलं तर पुढच्या पत्रात तुम्ही स्वतःबद्दल लिहाल.

टेली मानस ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. १४४१६ किंवा १८००-८९-१४४१६, चोवीस तास, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. काळजीत असलेल्या घरच्यांनीही फोन करावा, तो फक्त ‘त्या’ माणसासाठी नाही. जीव धोक्यात असेल तर ११२. हे वाचताना तुमच्याच मनात असे विचार असतील, तर ताईंच्या दादाचं बाजूला ठेवा आणि आत्ता कुणालातरी सांगा. मुद्देसूद सांगायची गरज नाही. ‘मला एकटं राहायला भीती वाटतेय’ एवढं पुरतं.

आणखी एक, कारण ते माझ्या फार जिव्हाळ्याचं आहे. जेरोम मोटो नावाच्या मानसोपचारतज्ज्ञांनी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये सत्तरच्या दशकात एक प्रयोग केला. नैराश्याने किंवा आत्महत्येच्या अवस्थेत रुग्णालयात आलेले, पण घरी गेल्यावर पुढचे उपचार नाकारणारे ८४३ लोक त्यात होते. त्यांतल्या निम्म्यांना अधूनमधून छोटी पत्रं पाठवली. तुमची आठवण आहे, बरं चाललं असेल अशी आशा आहे, वाटलं तर कळवा. बस. उपदेश नाही, ‘औषध घेता का’ नाही, उत्तराची सक्ती नाही. पाच वर्षांत चोवीस पत्रं. पहिल्या दोन वर्षांत पत्रं मिळालेल्यांमध्ये आत्महत्या लक्षणीय कमी झाल्या. उपचार नाकारणारी माणसं होती ती, दादासारखीच. तुम्हाला रोज त्याच्याकडे जाता येणार नाही. रोज एक मेसेज करता येईल. ‘आज कळ कशी आहे?’ त्याने निळी खूण दाखवून सोडून दिलं तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा.

आणि तुम्ही न लिहिता जे विचारलंय त्याचं उत्तर: हे सगळं करूनही काही हातात राहणार नाही, असं होऊ शकतं. मी तुम्हाला हमी देत नाही. पण त्याच्या जिवाची जबाबदारी आणि त्याच्या सोबतीची जबाबदारी या दोन वेगळ्या आहेत. दुसरी तुमची आहे. पहिली एकट्या कुणाचीच नसते, म्हणून तर वहिनी, डॉक्टर, हेल्पलाइन सगळ्यांना जोडून घ्यायचं.

त्याने पुन्हा वाद काढला तर घाला. हरा. म्हणा, ‘बरं, तुझा मुद्दा मान्य. आता सोमवारच्या अपॉइंटमेंटला किती वाजता निघायचं?’

तुम्ही लिहिलंय, की कॅमेरा अजून तुमच्या कपाटात आहे, मुलाला तो नीट चालवता येत नाही आणि फोटो हलतात. या रविवारी मुलाला आणि कॅमेऱ्याला घेऊन दादाकडे जा. तुम्ही काही बोलू नका, मुलालाच विचारू द्या, ‘मामा, हे असं का होतं?’